नऊ नंबरचे सात जोड

बारा वर्षांच्या नोकरीत संस्थेनं धोंडीरामला एक स्टूल दिलं होतं. त्याचे तीन पाय सारखे होते आणि चौथ्याखाली जुन्या पावतीपुस्तकाची घडी होती. तलवाड्याच्या सहकारी मालवाहतूक संस्थेत तो भांडार सांभाळायचा, पण हंगामी म्हणून. हंगाम कोणता, हे कुणी विचारू नये. बारा वर्षांत तो संपला नव्हता एवढं खरं. जो कायम झाला त्याला हातांची खुर्ची मिळे. सचिव राधाकिशन हा धोंडीरामच्या मागून नऊ वर्षांनी आला, आला तो थेट कायमच आला, आणि पहिल्या दिवसापासून खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोन्ही कोपरं टेकवून बसला. अध्यक्ष अर्जुनरावांच्या सासुरवाडीचा माणूस म्हटल्यावर कोपरं टेकायला जागा लागतेच.

तशीच आणखी एक खुर्ची गोदामात पोत्यांमागं पडून होती, पुढं जो कोणी कायम होईल त्याच्यासाठी. भांडारातली वस्तू म्हणून धोंडीराम ती दर सोमवारी फडक्यानं पुसायचा. बसला मात्र कधी नाही. काही गोष्टी रीतीनंच झाल्या पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको केशरबाई याला भित्रेपणा म्हणायची.

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष. संस्थेचे सात ट्रक आधी कापूस आणि ऊस वाहायचे. आता कापूसही नव्हता आणि ऊसही नव्हता, म्हणून सातही ट्रकांवर लोखंडी टाक्या चढवल्या आणि त्यांचे टँकर झाले. गावाबाहेरच्या सरकारी विहिरीवर भरायचं आणि वाड्यावस्त्यांवर नेऊन ओतायचं. एके दिवशी सगळ्यात जुना ड्रायव्हर सटवा याच्या अनवाणी पायावर पाइपाचा लोखंडी जोड पडला आणि अंगठ्याचं नख गेलं. सटवानं त्यावर हळद दाबली आणि पुढची खेप केली. प्रकरण तिथंच मिटायचं, पण नेमका त्या दिवशी दुष्काळ बघायला एक पेपरवाला आला होता. त्याला सकाळपासून काही सापडलं नव्हतं. त्याला सटवाचा अंगठा सापडला.

आठ दिवसांत बीडच्या कचेरीतून कागद आला. 'टँकरवरील सर्व चालकांस कामास योग्य असे बूट पुरवावेत व तपासणीसाठी सज्ज असावे.'

अर्जुनरावांनी कागद वाचला आणि न वाचल्यासारखा धोंडीरामकडं सरकवला. "धोंडीराम, हे तू बघ. साहेबानं बूट योग्य हायेत म्हणून सही दिली की येत्या सभेत तुला कायम करतो. न्हाई दिली, तर मग..."

तर मग काय, ते अर्जुनराव कधी सांगत नसत. त्याची गरजही पडत नसे. धोंडीरामनं त्या सोमवारी खुर्ची दोनदा पुसली.

आता योग्य बूट म्हणजे कोणता? राधाकिशन म्हणाला, "लेखी विचारून घे. उद्या आपल्या अंगावर नको." धोंडीरामनं लेखी विचारलं. लेखी उत्तर आलं, की योग्य म्हणजे कामास अनुरूप. त्यानं पुन्हा विचारलं, की घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत? उत्तर आलं, की स्थानिक परिस्थिती पाहून. या पत्रव्यवहारात तीन आठवडे गेले, आणि हाती काय आलं म्हणाल तर दोन गोल शिक्के.

स्थानिक परिस्थिती शेजारीच राहायची. सर्जेराव पोलिसातले निवृत्त हवालदार. त्यांचे नोकरीतले बूट घरात कपाटावर, गणपतीच्या शेजारी ठेवलेले असत, आणि दर रविवारी त्यांना तेल लागे.

"बूट घ्यायचा तर खिळ्याचा," सर्जेराव म्हणाले. "टाचंला लोखंड, चवड्याला लोखंड. मी बत्तीस वर्सं बूट घातला. एक दिवस ठेच लागली न्हाई बघ."

"ठेच लागाया चालावं लागतं," त्यांची बायको दगडाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "ठाण्यात बाकड्यावर बसल्या बसल्या कशी लागंल?"

सर्जेरावांनी ते ऐकलं नाही. बत्तीस वर्षं त्यांनी बरंच काही ऐकलेलं नव्हतं. दगडाबाईचं मत रबरी बुटाचं होतं, कारण विहिरीपाशी चिखल. त्यावर सर्जेराव म्हणाले, की वैशाखात रबरी बुटात पाय शिजतो. मग त्या दोघांचं जे लागलं ते धोंडीराम उठून गेल्यावरही चालूच होतं. पण 'चवड्याला लोखंड' एवढं त्याच्या मनात बसलं. सटवाच्या अंगठ्याचा विचार करता त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

पुढचा प्रश्न मापाचा. सात ड्रायव्हरांपैकी एकाच्याही पायाला जन्मात बूट लागला नव्हता. सटवाला नंबर विचारला तर त्यानं गाडीचा सांगितला. आपल्याकडं घरच्या माणसासाठी बाजारातून वहाण आणायची तर पायाइतकी काडी मोडून नेतात, दुकानदार ती काडी वहाणेत घालून बघतो आणि वहाण बरोबर येते. धोंडीरामनं तीच रीत धरली. काडीसाठी कडब्याचं धाट पाहिजे होतं. दुष्काळात कडबा मागणं म्हणजे एखाद्याच्या पोरीचे दागिने मागण्यासारखं. दगडाबाईनं आधी साफ नाही म्हटलं, मग काम सरकारी आहे म्हटल्यावर दोन धाटं मोजून दिली. ड्रायव्हर एकेक करून दगडावर पाय ठेवीत गेले आणि धोंडीराम धाट मोडीत गेला. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर नाव घातलं. माप एकाच पायाचं घेतलं. दुसरा पाय साधारण तेवढाच असतो, असं सर्जेरावांनी खात्रीनं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत सात ड्रायव्हर घालून धोंडीराम एसटीनं बीडला गेला. स्टँडवर उतरल्यावर परतीची गाडी विचारावी म्हणून खिडकीपाशी गेला. पिशवी पायाशी ठेवली. खिडकीतला माणूस चहा पीत होता, त्यामुळं जरा वेळ लागला. पिशवी हलल्यासारखी वाटली म्हणून त्यानं खाली पाहिलं, तर एका गाईचं तोंड कानापर्यंत पिशवीत होतं.

त्यानं पिशवी ओढली तेव्हा सहा ड्रायव्हर गेले होते. सातवा, म्हणजे सटवा, अर्धा बाहेर होता. त्याचा पाय सगळ्यांत मोठा, म्हणून चावायला वेळ लागत होता. धोंडीरामनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्या गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या. दोन वर्षांत तिनं पेपर आणि पुठ्ठे सोडून काही खाल्लं नसावं. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, पण ते गाईसाठी की खुर्चीसाठी, हे त्याला ठरवता आलं नाही. बाकड्यावरची एक म्हातारी म्हणाली, "खाऊ द्या हो. मुकं जनावर हाय. पुण्य लागंल." गाईनं सटवा संपवला आणि चिठ्ठ्या खायला घेतल्या.

पुण्य पिशवीत घालून धोंडीराम बूटबाजारात गेला. दुकानदार मकबूलभाईंनी त्याची हकीकत पाणी देऊन ऐकून घेतली. मग आतून एक बूट आणून त्यांनी फळीवर आपटला. फळी हलली. कुठल्याशा गिरणीच्या पहारेकऱ्यांसाठी बनवलेले बूट होते. गिरणीच बंद पडली आणि माल राहिला. खिळ्याचा तळ, चवड्याला लोखंड, सर्जेरावांनी सांगितलं होतं तस्संच. धोंडीरामला वाटलं, देव आहे.

"सातों जोड नौ नंबर हय," मकबूलभाई म्हणाले.

"सगळ्यांचे पाय नऊ नंबरचे न्हाईत हो."

"तो क्या हुवा? छोटे पाव को चिंधी ठूसो. बडे पाव को जरा समझाव." मग जरा जवळ येऊन म्हणाले, "और मामू, माप हय क्या तुम्हारे पास?"

माप रवंथ करीत स्टँडवर बसलं होतं.

बूट आले. विहिरीपाशी लिंबाखाली टेबल मांडलं, नारळ फुटला, अर्जुनराव सहकार आणि पाय यांवर वीस मिनिटं बोलले. सहाच ड्रायव्हर हजर होते. चार नंबरच्या टँकरचा आश्रुबा मेव्हण्याच्या लग्नाला नेकनूरला गेला होता, त्याचा जोड भांडारात राहिला. पाच जणांनी चिंध्या कोंबून बूट घातले. सटवानं चिंधी न घालता पायाला समजावलं. लोखंडी खिळ्यांचा खडखडाट करीत सहाही जण टँकरकडं निघाले आणि धोंडीरामचा ऊर भरून आला. त्याच्या मनात खुर्ची ऑफिसात कुठं ठेवायची याची जागाही ठरली. खिडकीपाशी, राधाकिशनच्या बरोबर समोर.

सटवा टँकरपाशी पोचला. वाकला. बूट काढले, शेजारी शेजारी मातीवर ठेवले, पायरीला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि वर चढून गाडी घेऊन निघून गेला. त्याच्या मागं दुसरा. मग तिसरा. पाच मिनिटांत विहिरीपाशी सहा जोड बूट ओळीनं उभे होते आणि टँकर एकही नव्हता.

अर्जुनरावांनी धोंडीरामकडं पाहिलं. "तर मग..." म्हणाले आणि घरी गेले.

सटवा खेप टाकून परत आला तसा धोंडीराम त्याच्या अंगावरच गेला. "का बे, बूट कावून काढले? कशासाठी दिलेत ते?"

"मग काय घालून चढू?" सटवाचा आवाज चढला नाही, तो कधी चढतच नसे. "केबिनमदी खंडोबा हाय. रोज उदबत्ती लावतो मी. मागं टाकीत गंगा हाय. म्होरं देव, मागं गंगा, आन् मधी मी खेटरं घालून बसू? तू बसतो का?"

बारा वर्षांत धोंडीराम शेकडो वेळा या केबिनमध्ये बसला होता, आणि दर वेळी चपला काढून मागच्या साखळीला अडकवून मगच चढला होता. अध्यक्षही तसेच चढत. सचिवही. कपाटावर देवाशेजारी बूट ठेवणारे सर्जेरावसुद्धा. बीडचे दोन शिक्के झाले, शेजाऱ्यांचं भांडण झालं, नारळ फुटला, पण गाडीत पायताण चढत नाही हे एकालाही आठवलं नव्हतं. इतकी रोजची गोष्ट कुणाला आठवते?

"अरे पण साहेब तपासाया येणार हाय," तो काकुळतीला आला. "बूट हितं विहिरीवर न् तू तिकडं वस्तीवर अनवाणी. माझं बारा वर्साचं काम हाय रे सटवा यात."

सटवाला वाईट वाटलं. त्यानं डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. टँकरच्या मागं नजर लागू नये म्हणून एक जुनं काळं खेटर टांगलेलं असतंच. ते काढून तिथं नवे बूट टांगायचे. चढताना काढून बांधायचे, उतरल्यावर सोडून घालायचे. "न्हाईतरी जुन्या खेटराचा जोर सरलाय," सटवा म्हणाला. "भरला टँकर गावातून जातो तवा लोक कसे बघतात, तू बघितलं न्हाईस. पाण्याइतकी नजर सोन्याला लागत न्हाई. नवाच जोड पायजे."

दुसऱ्या दिवसापासून तलवाड्याचे सहा टँकर मागं बुटाचे जोड लोंबकळवत, मधे लिंबू-मिरची बांधून हिंडू लागले. टँकरवाले खूश होते. बूट लई योग्य हायेत, असं ते आपणहून सांगत. उतरल्यावर सोडून पायात घालण्याचा भाग मात्र तिसऱ्या दिवशी बंद पडला. गाठी फार कराव्या लागतात म्हणे.

आणि साहेब आले. वैशाखातली दुपार, जीप, अंगात पांढरा बुशकोट, पायात आरशासारखे काळे बूट. सटवाला धोंडीरामनं सकाळपासून हात जोडून विहिरीपाशी बूट घालून उभं केलं होतं. साहेबांनी वाकून बुटाच्या चवड्यावर पेनानं टकटक केलं आणि मान हलवली. धोंडीरामनं कागद पुढं केला.

"थांबा," साहेब म्हणाले. "नियम चालकासाठी आहे, उभ्या राहणाऱ्यासाठी नाही. मी खेपेबरोबर येतो. जीप मागून येऊ द्या."

सटवानं वाकून बूट काढले आणि मागं टांगून आला. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. "हे काय? घाला ते परत. आणि बूट घालूनच चढा. मी बघतो."

सटवानं दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरलं. साहेब तरातरा दारापाशी आले. आत खंडोबाची तसबीर होती, भंडारा उधळलेला होता, सकाळच्या उदबत्तीचा वास अजून दरवळत होता. साहेब क्षणभर थांबले. मग बोलता बोलता, "शिस्त म्हणजे शिस्त, त्यात सबब चालणार नाही," असं म्हणत त्यांनी पायातले बूट काढले, मोजे काढून बुटात खोचले, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि वर चढले.

कुणी हसलं नाही. धोंडीराम मधे बसून खंडोबाकडं बघत राहिला. गाडी कोसभर गेल्यावर साहेबांनी एकदा स्वतःच्या पायांकडं पाहिलं आणि नंतर खडकवाडी येईपर्यंत त्यांनी शिस्तीचा विषय काढला नाही.

खडकवाडीला बायका तास दीड तास हंडे-कळश्या मांडून बसल्या होत्या. एकीनं पुढं होऊन टँकरच्या तोटीला हळदकुंकू लावलं. साहेब पाहणी करायला म्हणून खाली उतरले आणि लगेच एका पायावर उभे राहिले. मग दुसऱ्या. मग परत पहिल्या. वैशाखातला मुरूम तो, तव्यासारखा तापलेला. "बूट," साहेब म्हणाले. "माझे बूट कुठायत?"

"विहिरीवर, साहेब," धोंडीराम म्हणाला.

सटवा शांतपणे मागं गेला, नजरेचा जोड सोडला, लिंबू-मिरची बाजूला केली आणि बूट साहेबांपुढं ठेवले. साहेबांचा पाय सहा नंबरचा. धोंडीरामनं खांद्यावरचा पंचा फाडून दोन्ही बुटांत कोंबला. तेवढ्यात तोटी सुटली, बायका धावल्या, आणि त्या गर्दीत भिवराबाई नावाच्या बाईचा भरलेला पितळी हंडा तिच्या हातून सुटून थेट साहेबांच्या उजव्या पायावर आला.

ठाण्ण आवाज झाला. धोंडीरामनं डोळे मिटून घेतले. बारा वर्षं, खुर्ची, सभा, सगळं त्या आवाजात गेलं असं त्याला वाटलं.

"दिसत न्हाई का हो?" भिवराबाई कडाडली. "मधी कावून उभे राहता? अर्धा हंडा सांडला माझा! लेकरं वाट बघायलीत घरी!"

साहेब पायाकडं बघत होते. त्यांनी बोटं हलवून पाहिली. "लागलं नाही," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "अजिबात लागलं नाही हो." मग त्यांनी काय करावं? वाकून तो हंडा उचलला, स्वतः तोटीखाली धरून भरला, आणि भिवराबाईच्या डोक्यावर चढवून दिला. ती गेल्यावर कागद मागितला, टँकरच्या मडगार्डवर ठेवून लिहिलं, 'बूट प्रत्यक्ष वापरून पाहिले. कामास योग्य आहेत.' आणि खाली सही केली. धोंडीरामनं शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

जीपमधून परत येताना समोरून चार नंबरचा टँकर आला. कडेला थांबून त्याला वाट दिली. तो पुढं गेला तसे साहेब वळून एकदम ताठ बसले. त्याच्या मागं आरशासारखे दोन काळे बूट लोंबकळत होते. एकातून मोजा डोकावत होता, मधे लिंबू-मिरची होती.

त्याचं असं झालं होतं, की आश्रुबा त्याच सकाळी नेकनूरहून परतला होता. भरायला विहिरीवर गेला तर टँकर उभा करायच्या जागेवर नवाकोरा जोड ठेवलेला. सगळ्यांना मिळाले तसा आपला ठेवलाय, वर मोजेही दिलेत, म्हणून त्यानं धोंडीरामला मनातल्या मनात दुवा दिला आणि जोड टांगला.

धोंडीराम ओरडत पळाला. आश्रुबानं गाडी थांबवली, सगळं ऐकून घेतलं, आणि हात जोडले. "साहेब, तुमचे हायेत तर तुमचेच हायेत. पण बांधलेली नजर वाटंत सोडत न्हाईत. भरली गाडी हाय. आज काही इपरीत झालं तर वस्ती तहानली म्हणून समजा. आता तुमी म्हणाल तसं."

साहेबांनी बुटांकडं पाहिलं. टाकीच्या फटीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या नऊ नंबरकडं पाहिलं. "जाऊ द्या," ते म्हणाले आणि तसेच, पंचा कोंबलेल्या बुटांत, बीडला गेले.

सभा झाली. अर्जुनरावांनी या वेळी वाक्य पुरं केलं, आणि धोंडीराम कायम झाला. दोघांनी गोदामातून खुर्ची आणून खिडकीपाशी ठेवली. धोंडीराम बसला. दोन्ही कोपरं टेकवली. खुर्चीचा एक हात जरा हलत होता, हे बारा वर्षं पुसताना त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

समोरून राधाकिशन उठला आणि टाइप केलेला एक कागद त्याच्यापुढं ठेवून परत जाऊन बसला. 'कारणे दाखवा. संस्थेच्या मालकीचा बुटाचा एक जोड तपासणी अधिकाऱ्यांच्या पायात बीड येथे कसा गेला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.' हंगामी माणसाला असली नोटीस देता येत नाही. त्याला नुसतं रागवतात. राधाकिशन सभेचा ठराव लिहून होईपर्यंत मुद्दाम थांबला होता.

धोंडीराम नोटीस घेऊन घरी आला. केशरबाईला समोर बसवून त्यानं ती पहिल्यापासून वाचली, वरचं नाव, हुद्दा, सगळं. 'श्री. धोंडीराम, भांडारपाल (कायम).'

"परत वाच," केशरबाई म्हणाली.

त्यानं परत वाचली. मग तिनं कागद त्याच्या हातातून घेतला, देवापुढं ठेवला आणि त्यावर साखरेची चिमूट ठेवली. खुलासा धोंडीरामनं पहिल्याच दिवशी लिहून ठेवला होता, पण त्याला नोटीस जोडून परत करायची होती, म्हणून सातव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत त्यानं तो दिला नाही.